व्याज लागलंय, वहिनी

"व्याज लागलंय बरं का, वहिनी," असं ते दारातून म्हणायचे, जणू घरात कुणाला ऊन लागलंय अशा काळजीनं. आधी चपला काढायच्या, टोपी सारखी करायची, मग हे वाक्य. चपला काढून आत येणारा वसुलीवाला तुम्ही पाहिलाय का कधी? मी पाहिलाय.

त्याचं असं झालं. चिंचवडच्या एका दुकानातून मी शिलाई मशीन हप्त्यानं घेतलं होतं. बोली साधी, महिन्याचा हप्ता, वर काही नाही. पुढं आमच्या ह्यांचा ओव्हरटाइम बंद झाला नि हप्ते तुंबले. तेवढ्यात दुकानदारानं दुकान मोडलं आणि आमची सगळ्यांची उधारी पुण्यातल्या एका साहेबाला विकून टाकली. साहेबानं त्यावर व्याज चढवलं आणि वसुलीला हा भला माणूस धाडला. निघोजे गावाहून सायकल मारत यायचे बिचारे.

"भाऊ, दुकानदारानं व्याजाचं नावसुद्धा काढलं नव्हतं."

"व्हय, न्हाई काढलं."

"मग तुमच्या साहेबानं उधारी विकत घेतली, का माझी बोली बदलायचा हक्कही घेतला?"

"ह्ये मला पटतंय, वहिनी. सायबाला न्हाई पटत. च्यात आलं टाकलंय का?"

असा माणूस साहेबाला परवडणार कसा? शेवटी हुकूम निघाला, व्याजासकट पैसे आण, नाहीतर मशीन उचल. माझ्या शिवणावर घरचा किराणा यायचा.

हातगाडी घेऊन आले ते खंडेनवमीला! कंपन्यांतून यंत्रांच्या पूजा चाललेल्या, चाळीत सायकलींनाही झेंडूच्या माळा. माझं मशीन हळदकुंकू लेवून बसलेलं. त्यांनी हात जोडले आणि हातगाडीवाल्यावरच खेकसले, "अरं, पुजलेलं यंत्र आज हलवत्यात व्हय? जा माघारी!" मग माझ्याकडं वळून, "परसाद काय केलाय?"

गावाकडच्या माणसाला खंडेनवमी ठाऊक नसेल? विचारलं, तर शिरा खात म्हणाले, "इसरलो." विसरले म्हणे!

दसरा झाल्यावर पुन्हा आले. "सायबाला सांगितलं, बाई व्याजाचा सहीचा कागद मागत्यात, न्हाईतर कोर्टात जात्यात."

"अहो, कोर्टाचं मी कधी म्हटलं?"

"म्हणला असता की."

"मग?"

"ऱ्हायलेलं हप्तं तेवढं घ्या म्हणलं. तर सायबानं मलाच इचारलं, तू वसुली करतोस का वकिली?"

स्वतःच हसले. जाताना सदऱ्याचं कापड ठेवलं. "सवडीनं शिवा. शिलाई न्यायला आल्यावर देतो."

पुढच्या महिन्यात दुसराच माणूस आला. चपलांसकट आत. व्याजाचं अक्षर काढलं नाही त्यानं, पण भाऊंचं विचारलं तर म्हणाला, "काढलं त्यांना."

मशीन फिटलं. सदराही शिवून झाला, निळ्या रेघांचा. दर खंडेनवमीला मशीनला फूल वाहते तेव्हा तो पेटीतून काढून, झटकून, पुन्हा घडी घालते. भाऊ आले की आधी चपला काढू देणार आहे. मग म्हणणार, "शिलाई राहिलीय बरं का, भाऊ. पण व्याज नाही लागलं."