होड्या दिसतील अशी जागा

शकुअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळूरला, हेब्बाळच्या आमच्या ऑफिसात ब्रश धूत होते. चिकपेटेतल्या कापडदुकानातून त्यांचे थोरले भाऊ बोलत होते. "सकाळी चहा घेतला, पेपर मागितला... आणि झालं," एवढंच म्हणाले. पाच आठवडे झाले त्याला. शोकसभेत आमचे साहेब उभे राहिले आणि म्हणाले, किनाऱ्यावरच्या अडाणी लोकांना गाव सोडायला पटवून देण्यात बाईंनी आयुष्य वेचलं. मला तिथंच उठून ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय. अक्कांनी किनाऱ्यावरच्या एकाही माणसाला काहीही पटवून दिलेलं नाही!

मी बेळगावची, ऑफिसात पोस्टरं रंगवणारी. अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. मराठी बोलता बोलता त्या कन्नडमध्ये कधी शिरायच्या ते त्यांनाही कळत नसे. समुद्र वर येतोय, किनारा खचतोय, वेळेत मागे हला, हे किनाऱ्यावर गावोगाव सांगण्याचं काम आमच्याकडे होतं. समुद्रापासून इतक्या लांब, तळ्याकाठी बसून आम्ही समुद्राबद्दल लिहायचो. कारवारकडच्या एका मासेमार वस्तीत मराठी चालते म्हणून चार वर्षांपूर्वी आम्हा दोघींना धाडलं. मी जीव ओतून पोस्टर केलं होतं... झोपडीवर कोसळणारी काळीकुट्ट लाट, आणि शेजारी टेकडीपलीकडच्या नव्या वसाहतीतलं टुमदार कौलारू घर. ते उलगडलं आणि बायका हसत सुटल्या. पारूमावशी, मासळी विकणाऱ्या बायकांमधली सगळ्यांत वडीलधारी, जवळ येऊन ते निरखत म्हणाली, "बाय, दर्या असा येत नाय. तो पायाखालची रेती नेतो. थोडी थोडी. कळत पण नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांनी मात्र पोस्टर शांतपणे गुंडाळलं, वाळूत फतकल मारली आणि विचारलं, "मावशी, तुमचं पहिलं घर कुठं होतं?"

मावशीनं बोट दाखवलं ते थेट पाण्याकडे. नांगरलेल्या होडीच्याही पलीकडे तिची विहीर होती, विहिरीमागे अंगण, अंगणात लग्न लागलेलं. मग बाकीच्या बायकाही बोलायला लागल्या, आणि पाण्यात बुडालेली अख्खी आळी एकेक घर करून त्यांनी आम्हाला दाखवली. तीनदा मागे सरकली होती ती वस्ती, कुणी सांगायला न येता. अक्का ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मग नव्या वसाहतीत का जात नाही?"

"तिथनं होड्या दिसत नाय," मावशी म्हणाली.

एवढं साधं होतं ते. होड्या परतताना दिसल्या की बायका पाट्या घेऊन किनाऱ्यावर धावतात. मासळी उतरताना जी हजर, तिला ती मिळते. उशीर झाला की सगळी व्यापाऱ्याच्या टेंपोत. टेकडीआड राहायला गेलं की बायकांचा धंदा बुडाला. त्याच टेकडीचा समुद्राकडचा उतार मात्र मोकळा होता, काजूची झाडं असलेला, चांगला उंच. "ती जागा द्या, उद्या जातो," मावशी म्हणाली.

अक्कांनी अहवालात लिहिलं, माणसं हलायला तयार आहेत, जागा चुकली आहे. साहेब भडकले. "तुम्हाला लोकांना पटवायला पाठवलं होतं."

"सर, स्वल्प ऐका. त्यांना पटलेलंच आहे. आता तुम्हाला पटायचं राहिलंय."

साहेबांना संमतीचा कागद हवा होता. ग्रामस्थ टेकडीपलीकडे जायला राजी आहेत, असं वर छापलेलं आणि खाली साक्षीदार म्हणून अक्कांची सही. ती सही त्यांनी चार वर्षं केली नाही. त्यांचे दौरे बंद झाले, जुन्या फाइलींच्या कोंदट खोलीत टेबल गेलं. तरी रजा काढून त्या वस्तीत जायच्याच, काजूच्या उतारासाठी अर्जांवर अर्ज करायच्याच. हट्टी होत्या, तापटही होत्या. "हे चित्र आहे की कॅलेंडर?" असं विचारून मला त्यांनी एकदा सगळ्यांसमोर रडवलंय. पण त्या खोलीत त्यांना खोकताना बघवेना, म्हणून एकदा मीच म्हटलं, "करून टाका ना सही, अक्का." त्या म्हणाल्या, "सरी, बरं, करते. आधी तू पारूमावशीला सांगून ये." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात साहेबांनी तो कागद माझ्यापुढं सरकवला. "आता त्या नाहीत. तुम्हीही गेला होता ना तिथं?" खोटं कशाला बोलू, पेन मी हातात घेतलं होतं. नोकरी मलाही हवी आहे. साहेबांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं, आणि मी पेन खाली ठेवलं. "नाही करणार," म्हटलं आणि कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

रविवारी चिकपेटेला गेले. दुकानाच्या वर अक्कांची खोली... खाट, खिडकीखाली टेबल, पाठीला उशी बांधलेली खुर्ची. त्यांच्या त्या थोरल्या भावांनी, अण्णांनी, एक बंद अंतर्देशीय पत्र माझ्या हातात दिलं. "तिच्या नावानं आलंय. मला उघडवेना. तूच वाच गं." पारूमावशीनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र होतं. मी मोठ्यानं वाचलं. "अक्का, काजूच्या उतारावर आम्ही चार खोपी घातल्या. कागद कुणी दिला नाय, आम्ही थांबलो पण नाय. हितनं सगळ्या होड्या दिसतात. बघायला या."

अण्णा खाटेवर बसून रडले. मीही रडले, आणि रडता रडता मला हसू फुटलं. मग अक्कांच्या खुर्चीत बसून उत्तर लिहायला घेतलं. अक्का गेल्या. कागदावर कुणाचीही सही झालेली नाही. पाचवी खोप कधी घालताय ते कळवा, मी येते.

अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "माझंही नाव घाल त्यात. दुकान दोन दिवस बंद ठेवतो."