काटा जागेवर असला तरी

बॉयलरकाका कुकरच्या शिट्टीवरून घर ओळखत. अंगणात पेपर वाचत बसले असले तरी तिसऱ्या घरातल्या कुकरचं गास्केट गेलंय, हे त्यांना त्या घरातल्या बाईच्या आधी कळे. कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरपाशी उभी हयात गेली. निवृत्त झाले तरी कान ड्यूटीवरच राहिले.

नव्याने कामाला लागलेल्यांना ते एकच गोष्ट घोटून शिकवत, "दाबाचा काटा जागेवर आहे म्हणून बेफिकीर नाही राहायचं गा. जाड पाइप बोंबलते, बारीक ट्यूब गुपचूप झिजते." आम्ही शेजारीपाजारी त्यांची नक्कल करायचो, तेव्हा तेही हसायचे.

दर रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की ग्रंथाचं एक पान काकाच वाचत. तो मान त्यांना पेन्शनपेक्षा प्यारा होता. एका रविवारी ते मध्येच थांबले, पुस्तक मिटलं आणि चष्म्याला दोष दिला. मी त्यांची शेजारीण; मला काही ते पटलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना बसमध्ये घालून नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

उजव्या डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक नसा झिरपत होत्या. शुगर जुनीच होती. पण बीपीच्या गोळीचं विचारल्यावर काका जमिनीकडे पाहू लागले. ती त्यांनी परस्पर बंद केली होती.

"काहून?" मी विचारलं.

"मशीनवर काटा जागेवर होता ना वं."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. शरीरातलं एक हार्मोन रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवतं आणि ही गोळी त्याला आवरते. म्हणजे काटा जागेवर होता तो गोळीमुळेच, असं त्यांनी समजावलं. शिवाय तेच हार्मोन डोळ्याच्या पडद्यातल्या नाजूक नसांनाही छळतं, असं आता दिसू लागलंय म्हणाल्या. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागणार होती, शुगर सांभाळायची होती. डावा अजून चांगला आहे, तो जपू, उजव्याचं बघू.

परतीच्या बसमधून कोराडीला उतरताना काका म्हणाले, "सगळ्यायले शिकवत राहिलो, अन् माह्याच ट्यूबा नाही पाहिल्या."

इंजेक्शनं त्यांनी कुरकुरत का होईना, सगळी घेतली. रोज सकाळी कुंपणापलीकडून "घेतली वं" अशी हाक आली की मी समजायचे, गोळी पोटात गेली. पुढे मुलीने त्यांना मौद्याला आपल्या घरी नेलं आणि आईच्या नि माझ्या सकाळी सुन्या झाल्या.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. पान वाचून दाखवतो म्हणाले. वाचता वाचता एकदम थांबले. मला विहारातला तो रविवार आठवला.

"तुह्या मायचा कुकर वाजला न आत्ता?" काका म्हणाले. "गास्केट बदलायले सांग तिले."

आणि त्यांनी उरलेलं पान वाचून पुरं केलं.