मूर्खाची रिकामी जागा

विलायती विनोदाचा इतका कसून अभ्यास करून आयुष्यात एकदाही न हसलेला माणूस पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो मुरुडच्या बंदर कचेरीत आमचा हेडक्लार्क होता. मुलांनो, तिकडच्या टेलिव्हिजनवरच्या कुठल्याशा कचेरीच्या विनोदी मालिकेवर निबंध लिहायचा आहे, त्यातली ठरावीक साच्याची माणसं शोधायची आहेत, असं तुमच्यातल्या धाकटीनं कळवलंय. तो निबंध आमच्या हेडक्लार्कांनी तुमच्या आधी कितीतरी वर्षं लिहून ठेवला होता.

संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. हेडक्लार्कांची हयात नबाबाच्या चाकरीत गेलेली, त्यामुळे नव्या राज्यात कचेरी नेमकी कशी चालवायची याची त्यांना मोठी काळजी होती. त्याच सुमारास त्यांच्या घरी बॅटरीवरचा रेडिओ आला आणि त्यावर शनिवारी संध्याकाळी लंडनची एक मालिका लागू लागली. एक कचेरी आणि तिथली माणसं, एवढाच तिचा विषय. मी बी. ए.ला इंग्रजी घेतलेली टायपिस्ट, म्हणून मराठी करून सांगायला मला बोलावणं येई. ही थट्टा आहे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, इतक्या लांबून कोणी खोटं कशाला पाठवील?” मधूनमधून येणारा हशा कोणाचा, याचाही त्यांनी शोध लावला होता. तो खिडकीपाशी ताटकळणाऱ्या अर्जदारांचा. विलायतेत लोकांना हसत ठेवतात, आणि आपल्याकडचे अर्जदार मात्र सुतकात आल्यासारखे उभे असतात, याचं त्यांना फार वाईट वाटे.

मग त्यांनी एक वही सुरू केली. प्रत्येक कचेरीत पाच माणसं असतातच, असा त्यांचा सिद्धांत होता. काही न कळणारा साहेब, सगळं कळून कोणाला न सांगणारा कारकून, दिवसातून तीनदा आरशात बघणारी टायपिस्ट, दुपारी झोपणारा शिपाई आणि घोळ घालणारा एक मूर्ख. आमचे साहेब अलिबागला बसत आणि आपली भूमिका न सांगता उत्तम वठवत. कारकुनाची जागा हेडक्लार्कांनी स्वतःकडे घेतली. माझ्या टाइपरायटरसमोर त्यांनी घरचा आरसा आणून टांगला, पण मी त्यात बघत नसे आणि ते रोज वहीत तशी नोंद करत. शिपाई दाऊदभाई उभ्या आयुष्यात दुपारी झोपला नव्हता. त्याला दोन ते तीन झोपण्याचा लेखी हुकूम निघाला. “साहेब, दिवसा झोप न्हाय येत,” तो काकुळतीनं म्हणाला. “नुस्ते डोळे मिटून चालंल का?” तडजोड मान्य झाली. मूर्खाची जागा तेवढी रिकामी राहिली, कारण हेडक्लार्कांना आमच्यापैकी कोणीच त्या योग्यतेचा वाटेना.

अर्जदारांना हसवण्याचेही प्रयत्न झाले. होडीच्या परवान्यासाठी आलेल्या धाकूबाई कोळणीला त्यांनी मालिकेतला एक विनोद गंभीर चेहऱ्यानं, कलमवार समजावून सांगितला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, “रावसाब, माजी होरी किनाऱ्याला उभी हाय. शिक्का कवा मारताव?”

अशात मुंबईहून पत्र आलं. कचेरीतली एक जागा कमी करायची होती, आणि कोणाची ते ठरवायला अधिकारी येणार होते. शेवटी लागलेला आधी जातो, हा रिवाज, आणि शेवटी लागले होते मी. तुमच्या आजोबांचं तेव्हा छातीचं दुखणं होतं, शाळेची नोकरी सुटली होती, घरची चूल माझ्या टायपिंगवर पेटत होती. हेडक्लार्कांना हे ठाऊक होतं. ते वही चाळत राहिले.

अधिकारी आले ते नेमके दोन वाजता. दाराशी दाऊदभाई स्टुलावर डोळे मिटून बसलेला. “हा झोपलाय?” त्यांनी विचारलं. डोळे न उघडता दाऊदभाई म्हणाला, “न्हाय साहेब, ड्यूटी चालू हाय.” अधिकाऱ्यांचा चेहरा आंबला. आत येऊन त्यांनी सरळ प्रश्न टाकला, इथे सर्वांत कमी उपयोगाचं कोण?

हेडक्लार्क उठले, कोटाची बटणं लावली आणि वही उघडून वाचू लागले. शिपाई नियमाप्रमाणे झोपतो, सबब आवश्यक. टायपिस्टशिवाय लंडनचीही कचेरी चालत नाही, सबब आवश्यक. मग त्यांनी पान उलटलं. “दर कचेरीत एक मूर्ख असतो, साहेब. वर्षभर मी ती जागा भरू शकलो नाही. आज भरतो आहे. माझं नाव लिहून घ्यावं आणि जागा रद्द करावी.”

मग खिडकीतून धाकूबाई फिसकन हसली. तिच्यामागचे अर्जदार हसले, अधिकारी रुमालात तोंड लपवून हसले, दाऊदभाई डोळे मिटूनच हसला. हेडक्लार्क खिडकीकडे वळून बघत राहिले. मला मात्र माझा चेहरा कोणाला दिसायला नको होता, म्हणून मी तोंड फिरवलं, तर समोर आरसा.

पुढच्या महिन्यात ते म्हसळ्याला आपल्या गावी गेले आणि परत कधी कचेरीकडे फिरकले नाहीत. ते खरंच भोळे होते की काय, हे विचारायचं माझं राहूनच गेलं. वही माझ्या खणात सापडली. शेवटच्या पानावर त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: “आज लोक हसले. बाईंनी आरशात पाहिले. कचेरी पूर्ण झाली.”

तेव्हा धाकटे, निबंधात मूर्खाच्या पात्राशी आलीस, की बाळ, जरा जपून लिही.