पुढच्या सीटवरची मांडी

माझं नोकरीचं सगळं आयुष्य आपटलेल्या गाड्या बघण्यात गेलं. विमा कंपन्यांसाठी मी मोटार सर्व्हेअर होतो. अपघाताचा दावा आला की गॅरेजमध्ये, नाहीतर पोलीस चौकीच्या आवारात जायचं, गाडीभोवती फिरायचं, फोटो काढायचे आणि काय मोडलंय ते लिहून द्यायचं. माणसं तोवर उचललेली असत, पण गाडी सगळं सांगते. पुढची काच आतून जाळ्यासारखी तडकली असेल तर तिथे डोकं आपटलेलं असतं. सीटचा पट्टा नवाकोरा दिसला तर तो कधी ओढलेलाच नसतो. काही महाभाग तो पाठीमागून घेऊन खोचतात, गाडीची टुणटुण बंद व्हावी म्हणून. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नसल्या तर चालवणारा झोपेत होता किंवा फोनमध्ये.

अपघात झाला की लोक नशिबाला बोल लावतात, आणि मला त्याचा राग येतो. इतकी वर्षं मी तीच ती कारणं लिहीत आलो. वेग, दारू, डुलकी, डावीकडून घुसणं, दिवा न लावता कडेला उभा केलेला डंपर, न लावलेला पट्टा. नशीब हा रकाना आमच्या कागदात नव्हता. बायको म्हणते, तुमच्याबरोबर गाडीत बसायचं म्हणजे स्मशानात सहलीला जायचं. मी सिग्नलला कुठल्याही गाडीत डोकावतो आणि कोण कुठे आपटेल ते मनात मांडत बसतो. ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

मुलगी बाळंतपणाला डोंबिवलीला आमच्याकडे आली होती. नात झाली. तीन महिन्यांनी मायलेकींना ठाण्यात कोलशेतला मुलीच्या घरी पाठवायचं ठरलं, तेव्हा बायकोने रीतीप्रमाणे चांदीचे वाळे, सोन्याचे मणी, दुपटी, झबली असं सगळं काढून ठेवलं. मी ठाण्याला जाऊन गाडीत बसवायची बाळाची सीट आणली. चांगली, पाठ मागे करून बसवायची, सगळे पट्टे असलेली. आजोळहून द्यायची वस्तू म्हणून मला ती वाळ्यांपेक्षा मोलाची वाटत होती. घरात ठेवली तेव्हा बायको म्हणाली, हे काय अंतराळात पाठवताय का पोरीला.

न्यायला जावई आणि विहीणबाई आल्या. गाडी नवी होती. जावयाने हौसेने सीट कव्हरं शिवून घेतली होती, आणि शिवणाऱ्याने मागच्या सीटचे पट्टे ज्यात खोचतात ती कुलपं खाली दाबून वरून कव्हर ताणलं होतं. म्हणजे मागे पट्टा लावायची सोयच उरली नव्हती. हे मी हजार गाड्यांत पाहिलंय. मुंबई-ठाण्यात नवी गाडी घेतली की पहिलं काम हेच होतं. पुढे डावीकडे, जिथे झाकणाखाली एअरबॅग असते, तिथेच पितळेचा गणपती चिकटवलेला. तो तिथून हलवा, एअरबॅग उघडली तर तोंडावर येईल, हे पूजेचं ताट हातात धरलेल्या विहीणबाईंना मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

बाळाच्या सीटचं मात्र बोललो. कव्हर उसवून कुलपं वर काढू, दहा मिनिटांचं काम आहे, म्हटलं. जावई हसून म्हणाला, पुढच्या वेळी नक्की करू, बाबा. विहीणबाईंनी हात पुढे केले, बाळ घेतलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, कारण एसी पुढे चांगला लागतो. एवढ्याशा जिवाला बांधून ठेवायचं, मग आजीची मांडी कशाला आहे, असं त्या म्हणाल्या, आणि ते त्या मायेनेच म्हणाल्या. मी आणखी काही बोलणार एवढ्यात मुलीने माझ्याकडे पाहिलं. मुलीच्या बापाला ती नजर कळते. सीट डिकीत गेली.

विहीणबाई वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, मनाने मोकळ्या, कोणाचंही करायला पुढे. व्याही गेल्यापासून त्या बोलेनाशाच झाल्या होत्या. नात आली आणि त्या पुन्हा माणसांत आल्या. पोरीची आंघोळ, शेक, झोप, सगळं त्यांच्या मांडीवर. त्या मांडीवरून पोरीला उचला असं सांगायचं म्हणजे त्यांच्या हातून काय काढून घ्यायचं, हे मला दिसत होतं.

महिन्यातून एक-दोनदा ते सगळे रविवारी आमच्याकडे येत. मुंब्रा बायपास, शीळफाटा, कल्याण रस्ता. त्या रस्त्यावरून कंटेनर कसे जातात हे मला सांगायला नको, त्यातल्या कितीतरी कंटेनरांखालच्या गाड्या मी मोजमाप करून आलो होतो. मुलीचा ‘निघालो’ असा मेसेज आला की मी गॅलरीत उभा राहायचो आणि ते गेटमधून आत येईपर्यंत मला पाणीही गोड लागायचं नाही. घरच्या ग्रुपवर मी व्हिडिओ टाकले. जावयाने अंगठा दाखवला. एकदा त्याला बाजूला घेऊन मी नीट समजावलं. साध्या ब्रेकलाही मांडीवरचं मूल हातात राहत नाही, वेगात असताना पोराचं वजन असं होतं की पैलवानालाही ते धरवणार नाही. त्याला सगळं पटलं. तो म्हणाला, “बाबा, हंड्रेड पर्सेंट बरोबर आहे तुमचं. पण आईला कोण सांगणार?”

असं सगळ्यांनाच पटत होतं. बायकोलाही पटत होतं, मुलीलाही. कोलशेतला गेलो तेव्हा ती सीट गॅलरीच्या कोपऱ्यात दिसली, तिच्यात वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. मी तो ढीग पाहिला आणि चहा प्यायलो. दुसरं काय करणार होतो?

नात दहा-अकरा महिन्यांची असताना ते झालं. रविवारची दुपार होती. शीळफाट्याच्या जरा पुढे समोरच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि जावयाची गाडी त्याच्या मागे जाऊन बसली. वेग फार नव्हता, गर्दीच होती. बंपर फुटला, डावा दिवा गेला. नात मांडीवरून सुटून समोरच्या डॅशबोर्डवर गेली. विहीणबाईंचा हात मध्ये आला म्हणून तिचं कपाळ थेट आपटलं नाही. टेंगूळ आलं. विहीणबाईंचं मनगट मुरगळलं. वाटेत डॉक्टरांना दाखवून ते आमच्याकडेच आले.

दारातच मी पोरीला उचलून घेतलं. ती हसत होती. बायकोने मीठमोहऱ्या आणल्या, आधी पोरीची दृष्ट काढली, मग विहीणबाईंची. शेजारच्या बायका आल्या. आणि बोलता बोलता माझ्या डोळ्यांदेखत त्या अपघाताचा अर्थ ठरला. आजीने घट्ट धरली होती म्हणून पोर वाचली. मांडीवर होती म्हणून निभावलं, एकटी सीटमध्ये असती तर काय झालं असतं, असं एकजण म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सर्व्हे करून अहवाल देण्याआधीच दावा निकालात निघाला होता.

मी गप्प बसलो होतो. बसूनच राहिलो असतो. पण चहा झाल्यावर जावई माझ्याजवळ येऊन बसला. त्याला गाडीच्या कंपनीविरुद्ध तक्रार करायची होती. एवढे पैसे घेतले आणि एअरबॅग उघडली नाही. तुम्ही या लाइनमधले, तेव्हा अर्जाचा मसुदा तुम्हीच करून द्या, असं त्याचं म्हणणं होतं. सगळे ऐकत होते. विहीणबाईही म्हणाल्या, नाहीतर काय, पोरीच्या जिवाशी खेळ.

मी म्हणालो, “ती उघडली नाही हे आपलं भाग्य. उघडली असती तर आज ही पोर आपल्यात नसती.”

मग मी सगळं सांगितलं, थांबताच येईना. ती पिशवी डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी असते, आणि तिच्यापुढे मांडीवर मूल असेल तर ते मूल तिच्यात आणि आजीत सापडतं. असं मूल मी कागदावर पाहिलंय, असंही म्हणालो. ते शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं की आणखी जोरात बोलायला हवं होतं, मला आजही ठरवता येत नाही.

विहीणबाईंनी क्रेप बँडेज बांधलेला हात दुसऱ्या हाताने धरला होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “म्हणजे मी तिला मारायला घेऊन बसते का?”

या प्रश्नाला उत्तर होतं. ते मला माहीत होतं, जावयाला माहीत होतं, आणि त्या क्षणी मुलीच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिलाही ते पहिल्यांदा खरोखर कळलं होतं. ते उत्तर त्या बाईला देणं त्या घरात कोणालाच शक्य नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायको त्यांच्याजवळ जाऊन बसली. मुलगी मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, “बाबा, सॉरी म्हणा त्यांना. प्लीज. मला त्याच घरात राहायचंय.”

मी बाहेर येऊन हात जोडले. माझ्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता, म्हटलं. तुम्ही हात घातलात म्हणून ती वाचली, हेही म्हटलं, आणि ते तर खरंच होतं. त्यांनी डोळे पुसले. तुमचाही जीव तिच्यात आहे, मला कळतं, असं म्हणाल्या. त्यांचं मन मोठं आहे, हे मी आधी सांगितलंच.

एक दिवा फुटलेला, तेव्हा उजेड आहे तोवर निघायला हवं होतं. आम्ही खाली उतरलो. गाडीपाशी मुलगी क्षणभर थांबली. तिने पोरीला घेण्यासाठी हात पुढे केला, आणि तो तसाच मागे घेतला. मला कळलं. दुपारपर्यंत कोणीही सहज म्हणू शकलं असतं, आई, आज मी घेते मागे. आता तसं म्हणणं म्हणजे विहीणबाईंच्या प्रश्नाला हो म्हणणं झालं असतं. माझ्या बोलण्याने ती एक वाटही बंद झाली होती. मुलगी मागे जाऊन बसली आणि माझ्याकडे बघेना.

विहीणबाई पुढे बसल्या. नातीला मांडीवर नीट घेतलं, तिचा हात धरून मला टाटा करायला लावला, म्हणजे मनात काही ठेवलेलं नाही हे मला कळावं. त्यांना दुखऱ्या हाताने दार ओढता येईना. मी पुढे झालो, पोरीचा पाय आत सरकवला आणि दार लावून दिलं.