'मले'चं 'मला'

मी अमरावतीत एका छोट्या कॉम्प्युटर ऑफिसात काम करते. तिथं पुण्याच्या एका संस्थेचं काम आलं. अकोल्याकडच्या म्हाताऱ्या बायांनी वऱ्हाडीत सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या जुन्या वेबसाइटवर होत्या, त्या नव्या साइटवर न्यायच्या होत्या. पण ओळीओळीत फॉन्टचे, रंगाचे जुने टॅग खच्चून भरलेले. मी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं. म्हणजे कॉम्प्युटरला नमुना सांगायचा: अशा कंसात असं काही दिसलं की काढ, बाईच्या शब्दाला हात लावू नको. पानं स्वच्छ झाली.

संस्थेच्या सरांचा फोन आला. "छान. आता तेवढं 'मले'चं 'मला' करा. शेवटी 'ले' दिसलं की 'ला'. तुमच्या पॅटर्ननं मिनिटाचं काम."

मी एका पानावर तसं करून पाठवलं. 'फुले'चं 'फुला' झालं आणि 'पावणे आले'चं 'पावणे आला'.

"मग ठरावीक शब्दांची यादी करा," सर म्हणाले.

ते जमलं असतं, खोटं कशाला सांगू. पण शिकायला पुण्यात होते तेव्हा मी 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की होस्टेलच्या मुली हसायच्या. महिनाभरात मी मले, तुले, काहून सगळं बोलण्यातून काढून टाकलं. सुटीत घरी आले. आई वांगी निवडत होती. म्हणाली, "माह्यासंगं पावण्यावानी काहून बोलून राहिली?"

"यात चुकलेलं काही नाही, सर," मी म्हटलं. "दुरुस्त काय करू?"

"लोकांना कळायला हवं ना."

"'मले' कोणाले कळत नाही?"

बाजूला उभे असलेले आमचे मालक हातानं 'गप' म्हणत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "कर ना बाई. गिऱ्हाईक जाईन."

"दुसऱ्या कोणाले सांगा. मी नाही लिहिणार."

ऑफिसात ते लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं. दोन दिवसांनी मालकांनी पानं होती तशी पाठवली. सरांनी ती चढवली, पण प्रत्येक गोष्टीखाली एक ओळ घातली: 'बोलीतील अशुद्धतेबद्दल क्षमस्व.'

त्या संस्थेचं काम नंतर आमच्याकडे आलं नाही. मी मात्र सरांना मेल केली, ती ओळ काढा म्हणून. मग दुसरी वऱ्हाडीत लिहिली: "त्या बायांच्या वतीनं तुमी कोणाची माफी मागून राहिले?"

ओळ अजून तिथंच आहे. माझ्या मेलही सुरूच आहेत.