लोणारच्या उतरणीवरची गिरजामावशी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी बी.एस्सी. केलंय आणि लोणारच्या विवरावर गाइडचं काम करतो. उल्का कशी पडली, तळ्याचं पाणी खारं का, हे रोज समजावतो. हळद लावलेला कागद त्या पाण्यात बुडवला की लाल होतो, लोक टाळ्या वाजवतात — हा चमत्कार नाही, रसायनशास्त्र आहे, हेही मीच सांगतो. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... तरी लिहितो.

बाहेरच्यांना वाटतं, असल्या गावात राहणं म्हणजे नशीब. अहो, आम्हाला पहिल्या एसटीने इथून निघून जायचं असतं. स्थळ बघायला आलेले पाहुणेसुद्धा आधी विवर बघून येतात, मग मुलगा. आमच्या वयाच्या पोरांना दोनच कामं — पर्यटकांना फिरवणं, नाहीतर पर्यटकांना शिव्या घालणं. मी आणि माझा मित्र जावेद दोन्ही करायचो.

त्यातूनच ती थाप निघाली. उल्केचा लोकांना दहा मिनिटांत कंटाळा येतो. मग कुणीतरी हळूच विचारतं, "इथे काही... अनुभव वगैरे येतात का?" मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी म्हणून टाकलं, येतात की. विवरात उतरायच्या वाटेवर, जुन्या देवळाच्या ओट्यापाशी गिरजामावशी सीताफळं घेऊन बसायची. साठीची, आमच्याच गल्लीतली. लेक आणि ती, दोघींचं घर त्या टोपलीवर चालायचं. मी पर्यटकांना सांगितलं, पुढे एक बाई दिसेल. ती इथेच पाय घसरून मेली आहे, कधीची. हाक मारेल, पण तिच्याकडून काही घेऊ नका आणि मागे वळून बघू नका.

मावशी नेहमीसारखं म्हणाली, "घ्या न बाई, साखरेवानी हाय." बाया किंचाळत पळाल्या. मी आणि जावेद पोट धरून हसलो. मग रोजच सांगायला लागलो.

आठवडाभरात मावशीची टोपली भरलेली परत जायला लागली. एक दिवस तिने मला थांबवलं. "काऊन रे पवन्या, लोक मले पाहून काऊन पयतात?" खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, शहरातल्या लोकांना स्वच्छता लागते, मावशी. दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली आणि एकेक सीताफळ धारेवर धुऊन ओळीने मांडलं. पाणी लागलं की सीताफळ काळं पडतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी धुतली. जावेद म्हणाला, "बस कर बे आता." मी थांबलो नाही. मजा येत होती, हे कबूल करतो.

त्या रविवारी सकाळचे दहा-साडेदहा झाले होते, लख्ख ऊन. पुण्याचं कुटुंब होतं — आई, वडील, आठेक वर्षांची मुलगी. वळणावर आलो आणि मी म्हणालो, ती बघा.

वडील म्हणाले, "कुठे?"

मावशी पाच पावलांवर होती, हातातलं सीताफळ पुढे करून. मी बोट दाखवलं. मुलगी म्हणाली, "दादा, तिथे नुसती टोपलीच आहे." मला वाटलं, माझीच फिरकी घेतायत. वडिलांनी फोटो काढून मोबाइल माझ्यापुढे धरला. ओटा होता, टोपली होती, काळी पडलेली सीताफळं होती. मावशी नव्हती. मी मान वर केली, तर समोर बसलेली...

मुलीची आई ओढणी घासेल इतक्या जवळून तिच्यापुढून गेली. मावशीने तिघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पवन्या, हे लोक मले पाहून नाही राह्यले का?"

तिला हाताला धरून उठवायला हवं होतं. पण गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत होतं, आणि रिकाम्या ओट्याशी बोलणारा गाइड कुणाला हवा असतो? मी म्हणालो, "चला, पुढे जाऊ." तिने पुन्हा हाक मारली. मी वळलो नाही.

परत आलो तेव्हा ओट्यावर टोपली होती, मावशी नव्हती. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. मावशी अंगणात बाजेवर बसलेली मला स्वच्छ दिसत होती, लेक तिला चहा देत होती. मी दारातच सगळं ओकून टाकलं — थाप, हसणं, स्वच्छतेचं खोटं. रडलो. लेक थिजून ऐकत होती. मावशीने बशीत चहा ओतला आणि लेकीला विचारलं, "दाराकडं काय पाहून राह्यली वं? कोनी आलं का?"

"आई, पवन आला न. तुह्याशीच बोलून राह्यला."

मावशीने दाराकडे पाहिलं. माझ्या तोंडावर नजर होती तिची. म्हणाली, "कुठं हाय?"

वर्ष झालं. ती आता स्टँडपाशी बसते. सगळ्यांना दिसते, विक्रीही बरी होते. जावेदने माफी मागितली, त्याला चार शिव्या आणि एक सीताफळ मिळालं. मला शिवीसुद्धा नाही. तो म्हणतो, म्हातारी तुझ्यावर राग काढतेय. असेलही... पण पुण्याहून मागवलेला तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, त्यात ती आजही नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर खरंच सांगा.

मागच्या आठवड्यात मला राहवलं नाही. स्टँडपाशी भर गर्दीत मी तिच्यापुढे बसलो आणि तिचा हात दोन्ही हातांनी धरला. तिने झटकला नाही. खाली बघत, दुसऱ्या हाताने माझ्या बोटांवरूनच आपलं मनगट चोळत ती शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाली, "माहा हा हात बधिर होऊन राह्यला वं, दवाखान्यात दाखवा लागते."

मी हात सोडला.