नंदाताईनं न लिहिलेले आवाज

मेसेज आला तेव्हा मी बंगळूरला माझ्या घरी होते. माझी मावसबहीण नंदाताई पुण्यात दवाखान्यात दाखल झाल्याचं तिनं स्वतःच कळवलं होतं. “खोलीला मोठी खिडकी आहे, बाहेर शिरीष फुललाय. फरशी पायाला गार लागते. चादरींना उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास आहे. तुझं काम आटप आणि निवांत ये.” नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, “चला, बरी आहे म्हणजे.” मला मात्र दरदरून घाम फुटला... त्या मजकुरात एकही आवाज नव्हता.

मी का घाबरले ते सांगायचं तर बरंच मागं जायला हवं. पुण्यात तेव्हा कंपन्यांच्या काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहू लागल्या होत्या. आमच्या यवतमाळकडून तिथं नोकरीला गेलेली घरातली पहिली मुलगी नंदाताई. पाठोपाठ मलाही तिच्याच कंपनीचं बोलावणं आलं. आमच्याकडे आलेलं पत्र बाबा ओसरीवर बसून सगळ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवत. ताईला हे चांगलं ठाऊक होतं, तरी पहिलं पत्र तिनं मन मोकळं करून लिहिलं. स्वारगेटला डिझेलचा धूर घशाला चिकटून बसतो. हडपसरच्या खोलीमागं नाला आहे, कुत्री रडतात आणि कडी घातली तरी दार वाजत राहतं, बाहेरून कुणी हलवून बघतंय असं. बाबांनी चष्मा काढला. “मी नाही धाडत पोरीले,” एवढंच म्हणाले. नोकरी हातची चालली होती, तरी मी हट्ट धरला नाही. पुणं मी पाहिलंही नव्हतं, पण अंथरुणावर पडलं की ते दार मला ऐकू यायचं.

मग दुसरं पत्र आलं. त्यातही तीच खोली होती. पण आता तिथं शेजारच्या चुलीवरच्या भाकरीचा वास येत होता, मळ्यातून आलेल्या मेथीच्या जुड्या हाताला ओल्या लागत होत्या आणि घरमालकीण काकू दारात येऊन म्हणत होत्या, “पोरी, कालवण हाय, ताट आण.” बाबांनी ते पत्र पुन्हा एकदा वाचलं. “खाऊ घालनारी मानसं हायेत तिथं,” ते आईला म्हणाले, “जाऊ दे तिले.”

मी पोचले तर नाला होताच, कुत्रीही होती. “खोटं का लिहिलंस?” मी चिडून विचारलं.

“खोटं काय त्यात? मेथी दिसत नाही का तुला?” एवढ्यात पुणेरी तिरकसपणा तिनं बरा उचलला होता. पण लगेच आवाज खाली आला. “एकटीनं राहवत नव्हतं गं, मने.” दार मात्र वाजत नव्हतं. त्याच्या फटीत बसच्या तिकिटांची घट्ट घडी खोचलेली होती. आधी घडी खोचली आणि मगच दुसरं पत्र लिहायला बसले, असं ती म्हणाली. “वाजत नाही, मग कशाला लिहू?”

लग्नानंतर ती भाऊजींबरोबर विश्रांतवाडीला गेली आणि मी बंगळूरला. नव्या फ्लॅटचं फोनवर किती कौतुक! गच्चीवरचा वारा, खालच्या गिरणीतल्या पिठाचा गरम वास... मी राहायला गेले आणि डोक्यावरून विमान गेलं. काचा थडथडल्या, ताईनं कपबशी दोन्ही हातांनी धरली. हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं. न पाहिलेली जागा आपण सांगणाऱ्याच्या नाकाकानांनी पाहतो. त्या दिवसापासून ताईनं काही सांगितलं की तिनं काय गाळलंय ते मी शोधू लागले.

म्हणून मेसेज आला त्याच संध्याकाळचं विमान पकडलं. दवाखान्यात खिडकी होती, शिरीषही होता. पण खोलीभर एकच आवाज होता, तिच्या श्वासाचा. लोहाराच्या फुटक्या भात्यासारखा.

“निवांत ये म्हटलं होतं ना?”

“हे का नाही लिहिलंस?”

“तुला ऐकू आलं असतं.” मग तिनं माझा हात धरला. “मने... तिथं कसं असेल गं?”

आयुष्यभर मला प्रत्येक नवी जागा सांगणारी ताई आज मला विचारत होती. मला काय माहीत असणार? तरी मी बोलू लागले. भाकरीचा वास येत असेल, म्हटलं. मेथी ओली असेल. दारात कुणीतरी येऊन म्हणेल, पोरी, ताट आण.

“खोटं,” ती डोळे मिटून म्हणाली.

“खोटं काय त्यात?” मी म्हटलं, आणि तिच्या ओठांवर हसू आलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यापर्यंत मी विश्रांतवाडीला होते. विमान गेलं की घरातल्या सगळ्या काचा वाजायच्या, फक्त तिच्या पलंगाजवळची खिडकी गप्प. पडदा सारला. तावदानाच्या फटीत तिकिटांची घडी होती, पिवळी पडलेली. मी ती काढली. पुढचं विमान आलं आणि काच अशी वाजली की मी दचकून उभी राहिले. जिथं ती गेलीय तिथं काय वाजत असेल आणि ते थांबवायला तिच्या हाताशी काही असेल का, या विचारानं अजूनही माझे हातपाय गार पडतात. निघताना ती घडी पर्समध्ये टाकावी असं फार वाटलं. पण त्या खोलीत आता भाऊजी एकटे झोपतात. मी ती परत फटीत घट्ट बसवली.